पॉल ब्रोका

प्येर पॉल ब्रोका (२८ जून, १८२४ – ९ जुलै, १८८०) हे फ्रेंच शल्यचिकित्सक, शरीररचनाशास्त्रज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ होते. मेंदूच्या डाव्या गोलार्धातील ललाटखंडाचा एक लहानसा भाग बोलण्याच्या क्रियेशी निगडित आहे, हे त्यांनी १८६१ ते १८६५ या काळात रुग्णांचे निरीक्षण आणि शवविच्छेदन यांच्या आधारे दाखवून दिले. हा भाग आज ब्रोका क्षेत्र या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या आसपासच्या इजेतून उद्भवणाऱ्या वाणीदोषास ब्रोका वाचाघात असे म्हणतात. मेंदूचे एक विशिष्ट कार्य त्याच्या एका विशिष्ट भागाशी जोडता येते, ही कल्पना वैद्यकविश्वाने गांभीर्याने स्वीकारली ती प्रामुख्याने या कामामुळे. त्याच ब्रोका यांनी कवट्या मोजून आणि मेंदू तोलून मानववंशांची व स्त्री-पुरुषांची प्रतवारी लावण्याचाही प्रयत्न केला. त्यांच्या कार्याची ही दुसरी बाजू पुढे चुकीची ठरली. तरीही ती वगळून त्यांचे चरित्र पुरे होत नाही, कारण पहिला शोध दुसऱ्याच वादाच्या पोटातून जन्माला आला.

बालपण आणि शिक्षण

ब्रोका यांचा जन्म नैऋत्य फ्रान्समध्ये बोर्दोजवळील सँत-फ्वा-ला-ग्रांद या दॉर्दोन्य नदीकाठच्या लहान गावी झाला. कुटुंब प्रॉटेस्टंट पंथाचे होते. वडील बेंजामिन ब्रोका हे नेपोलियनच्या सैन्यात शल्यचिकित्सक होते आणि नंतर गावातच वैद्यकी करीत. कॅथलिकबहुल फ्रान्समध्ये अल्पसंख्य पंथात वाढल्यामुळे रूढ मताला प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लहानपणापासूनच लागली असावी. पॉल अभ्यासात हुशार होते. गणिताची त्यांना विशेष गोडी होती आणि अभियंता व्हावे असा त्यांचा मानस होता. परंतु बहिणीच्या अकाली मृत्यूनंतर त्यांनी आईवडिलांच्या इच्छेनुसार वैद्यकशास्त्राची वाट धरली. वयाच्या सतराव्या वर्षी ते पॅरिसच्या वैद्यक विद्यालयात दाखल झाले आणि १८४९ साली त्यांनी वैद्यकाची पदवी संपादन केली. मुलाने परत येऊन गावात दवाखाना चालवावा ही घरची अपेक्षा मात्र पूर्ण झाली नाही. ब्रोका पॅरिसमध्येच राहिले.

१८५७ साली त्यांचा विवाह अदेल ऑगस्टीन ल्यूगोल यांच्याशी झाला. अदेल या डॉ. ल्यूगोल यांच्या कन्या होत. आयोडीनचे जे द्रावण आजही प्रयोगशाळांत ल्यूगोलचे द्रावण म्हणून वापरले जाते, ते याच ल्यूगोल यांचे. ब्रोका दाम्पत्यास एक मुलगी आणि दोन मुलगे झाले. दोन्ही मुलगे पुढे वैद्यकक्षेत्रात प्राध्यापक झाले.

शल्यचिकित्सक म्हणून कार्य

मेंदूच्या कामामुळे ब्रोका यांचे इतर वैद्यकीय संशोधन झाकोळले गेले आहे. सूक्ष्मदर्शकाचा वापर अनेक ज्येष्ठ डॉक्टरांना अनावश्यक वाटत होता, त्या काळात त्यांनी त्याच्या साहाय्याने कर्करोगाचा अभ्यास केला आणि कर्करोगाच्या पेशी रक्तवाहिन्यांमार्फत शरीरात पसरतात हे दाखवले. मुडदूस हा विकार आणि रोहिणीविस्फार यांवरही त्यांचे लेखन आहे. १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी एकाच घराण्यातील अनेक पिढ्यांमधील स्त्रियांना झालेल्या स्तनकर्करोगाची नोंद केली. हे घराणे त्यांच्या पत्नीचे होते. कर्करोग काही कुळांत आनुवंशिक असू शकतो, या विचाराच्या आरंभीच्या पुराव्यांत या नोंदीचा समावेश होतो.

मानवशास्त्र संस्था

१८५९ साली ब्रोका यांच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये मानवशास्त्र संस्था स्थापन झाली. आरंभी सभासद होते एकोणीस. मनुष्यप्राण्याच्या उगमाची चर्चा करणारी मंडळी धर्माला आणि राज्यसत्तेला धोकादायक ठरतील, अशी शंका सरकारला होती. त्यामुळे परवानगी मिळाली ती एका अटीवर: प्रत्येक सभेला साध्या वेषातील एक पोलीस अधिकारी हजर राहील आणि सभेत जे बोलले जाईल त्याची जबाबदारी व्यक्तिशः ब्रोका यांच्यावर राहील. वाणीचे स्थान ठरवणारी पुढची सर्व चर्चा अशा पहाऱ्याखाली झाली.

१८६१ चा वाद

त्या काळी मेंदूविषयी दोन तट होते. जर्मन वैद्य गाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असे प्रतिपादन केले होते की मेंदूचे निरनिराळे भाग निरनिराळ्या वृत्तींचे अवयव आहेत आणि कवटीवरील उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो. यातला उंचवट्यांचा भाग निव्वळ भोंदूगिरी ठरला आणि त्याबरोबर मूळ कल्पनाही बदनाम झाली. मेंदू एकसंध असून तो एकदिलाने काम करतो, हे मत प्रतिष्ठित झाले. तरीही गाल यांची एक गोष्ट पॅरिसचे डॉक्टर बुयो यांनी सोडली नाही. वाणीचे स्थान मेंदूच्या पुढच्या भागात असते, असे ते १८२५ पासून सांगत होते. ललाटखंडाला मोठी इजा होऊनही ज्याची वाणी शाबूत आहे असा रुग्ण दाखवणाऱ्यास पाचशे फ्रँक देण्याची पैजही त्यांनी लावली होती.

१८६१ च्या प्रारंभी मानवशास्त्र संस्थेत मेक्सिकोतील टोटोनाक लोकांपैकी एकाची कवटी सादर झाली आणि तिच्यावरून मेंदूचा आकार व बुद्धी यांचा संबंध आहे का, असा वाद पेटला. शरीररचनाशास्त्रज्ञ ग्रातिओले यांचे म्हणणे असे की आकाराला फारसे महत्त्व नाही. ब्रोका यांना ते मान्य नव्हते. वाद इतका चिघळला की प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिये यांचा मेंदू खरोखरच असाधारण मोठा होता की नाही हे तपासण्यासाठी ग्रातिओले यांनी त्यांची जुनी टोपी शोधून मापली. या गदारोळात बुयो यांचे जावई ओबर्तां यांनी चर्चेला वेगळे वळण दिले. एका रुग्णाने स्वतःच्या कपाळावर गोळी झाडून घेतली होती आणि मेंदूचा पुढचा भाग उघडा पडला होता. बोलत असताना त्या भागावर पट्टीने हलका दाब दिला की त्याचे बोलणे शब्दाच्या मध्येच थांबे आणि दाब काढताच पुन्हा सुरू होई. ओबर्तां यांनी आव्हान दिले की वाणी गेलेल्या रुग्णाच्या ललाटखंडात विकृती सापडली नाही, तर आपण आपले मत सोडून देऊ. काही दिवसांतच ब्रोका यांच्याकडे तसा रुग्ण आला.

लेबोर्न्य

११ एप्रिल, १८६१ रोजी पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालयात ब्रोका यांच्या शल्यकक्षात एक्कावन्न वर्षांचा एक रुग्ण हलवण्यात आला. त्याच्या उजव्या पायात कोथ पसरला होता. रुग्णालयातील माणसे त्याला ‘तां’ म्हणून हाक मारीत, कारण कोणत्याही प्रश्नाला उत्तर म्हणून त्याच्या तोंडून तेवढा एक ध्वनी दोनदा निघे. त्याचे आडनाव लेबोर्न्य होते. लहानपणापासून त्याला अपस्माराचे झटके येत. वाणी गेल्यावर तो बिसेत्रमध्ये भरती झाला आणि त्याला एकवीस वर्षे झाली होती. दहा वर्षांनंतर त्याचा उजवा हात लुळा पडू लागला, मग उजवा पाय गेला, आणि शेवटची सुमारे सात वर्षे त्याने अंथरुणावर काढली.

त्याला बोलता येत नव्हते, म्हणून तो मंदबुद्धी आहे असे ब्रोका यांनी गृहीत धरले नाही, आणि त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. बिसेत्रमध्ये किती वर्षे झाली असे विचारल्यावर लेबोर्न्यने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडून दाखवला आणि त्यात एक बोट मिळवले, म्हणजे एकवीस. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारला तेव्हा तेच उत्तर मिळाले. तिसऱ्या वेळी आपली परीक्षा चालली आहे हे त्याच्या लक्षात आले आणि तो चिडला. रागावला की त्याच्या तोंडून एक शिवी मात्र स्पष्ट बाहेर पडे. जीभ आणि ओठ निकामी झालेले नाहीत, ऐकलेले कळते, मोजता येते, रागावताही येते, पण विचार शब्दांत उतरत नाही, असा हा विकार होता. आपले आव्हान या रुग्णाला लागू पडते का, हे तपासण्यासाठी ब्रोका यांनी ओबर्तां यांनाही बोलावून घेतले. रुग्ण जिवंत असतानाच विरुद्ध पक्षाकडून निदान मान्य करून घेतल्यामुळे पुढे शंकेला जागा उरली नाही.

१७ एप्रिल रोजी लेबोर्न्य मरण पावला. दुसऱ्याच दिवशी ब्रोका यांनी त्याचा मेंदू संस्थेच्या सभेत ठेवला. डाव्या ललाटखंडात कोंबडीच्या अंड्याएवढी पोकळी पडली होती आणि तिचा मध्य तिसऱ्या ललाटवळीच्या मागील भागात होता. मेंदू कापून आतील रचना पाहण्याचा मोह ब्रोका यांनी टाळला. तो पूर्ण ठेवून अल्कोहोलमध्ये जतन केला. पुढील पिढ्यांना तो तपासता यावा हा हेतू त्यामागे होता, आणि दीड शतकानंतर तो सफल झाला.

त्याच वर्षीच्या हिवाळ्याआधी दुसरा रुग्ण आला. लेलाँ हे चौऱ्याऐंशी वर्षांचे वृद्ध मांडीचे हाड मोडल्याने दाखल झाले होते. दीड वर्षापूर्वीच्या आघातानंतर त्यांच्याजवळ जेमतेम पाच शब्द शिल्लक होते: होकार, नकार, ‘नेहमी’ या अर्थाचा शब्द, तीन या संख्येचा मोडका उच्चार आणि स्वतःचे अर्धवट नाव. कोणतीही संख्या सांगायची झाली तरी ते ‘तीन’ म्हणत आणि खरी संख्या बोटांनी दाखवीत. त्यांच्या मृत्यूनंतर मेंदूतील विकृती लहान, पण नेमकी त्याच जागी आढळली. ब्रोका यांना स्वतःलाही याचे आश्चर्य वाटले.

डावा गोलार्ध

दोन रुग्णांवरून नियम सांगण्याची घाई ब्रोका यांनी केली नाही. १८६३ पर्यंत आठ रुग्ण जमले आणि आठही जणांची विकृती डाव्या बाजूस होती. ही गोष्ट अवघड होती. शरीराचे दोन सारखे दिसणारे अवयव सारखेच काम करतात, दोन डोळे जसे पाहतात तसे दोन गोलार्ध चालतात, हा त्या काळी जवळजवळ नियमच मानला जाई. अखेर १८६५ साली ब्रोका यांनी स्पष्टपणे मांडले की बोलण्यासाठी बहुतेक माणसे डाव्या गोलार्धाचा उपयोग करतात. डावखुऱ्या व्यक्तींत हे काम उजव्या गोलार्धाकडे असू शकेल, असा तर्कही त्यांनी केला. साल्पेत्रिएर रुग्णालयातील एका स्त्रीच्या डाव्या मेंदूतील हा भाग जन्मतःच अपुरा होता, तरीही ती बोलू व वाचू शकत होती. बालपणी एक बाजू निकामी असेल तर दुसरी बाजू ते काम उचलू शकते, असा अर्थ ब्रोका यांनी त्यातून काढला. मेंदूच्या लवचीकतेवर आज जे संशोधन चालते त्याची चाहूल येथे लागते.

विकाराला ब्रोका यांनी ‘अफेमी’ हे नाव दिले होते. १८६४ साली डॉक्टर त्रुसो यांनी ‘अफेजिया’ हा शब्द पुढे केला आणि तोच रूढ झाला. ब्रोका यांनी आपल्या शब्दाची बाजू मांडली, पण व्यर्थ.

श्रेयाचा प्रश्न

डाव्या गोलार्धाच्या शोधाचे श्रेय एकट्या ब्रोका यांना देणे योग्य नाही. दक्षिण फ्रान्समधील सॉमिएर गावचे वैद्य मार्क डाक्स यांनी १८३६ सालीच, आपल्या अनेक रुग्णांच्या आधारे, वाणी गेलेल्यांची इजा डाव्या बाजूस असते असे टिपण लिहिले होते. ते प्रसिद्ध झाले नाही. त्यांचे पुत्र ग्युस्ताव डाक्स यांनी वडिलांचे टिपण स्वतःच्या निरीक्षणांसह १८६३ च्या मार्चमध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीकडे पाठवले. अकादमीच्या समितीने त्यावर अनुकूल मत दिले नाही. १८६५ साली ते छापून आले, ब्रोका यांच्या प्रसिद्ध लेखाच्या काही आठवडे आधी. मूळ टिपण खरोखर १८३६ साली वाचले गेले होते का, याची ब्रोका यांनी माँपेलिये येथे चौकशी केली. तेथे त्याचा मागमूस लागला नाही. ग्युस्ताव डाक्स यांची तक्रार मात्र आयुष्यभर कायम राहिली. ब्रोका यांच्याजवळ शवविच्छेदनाचा पुरावा होता, मार्क डाक्स यांच्याजवळ तो फारसा नव्हता, हा फरक खरा. पण राजधानीतील शल्यचिकित्सकाचा आवाज खेड्यातील वैद्यापेक्षा लांबवर पोहोचतो, हेही तितकेच खरे.

ब्रोका वाचाघात

या विकारात रुग्ण अडखळत, कष्टाने आणि तुटक बोलतो. नामे व क्रियापदे कशीबशी येतात, पण प्रत्यय, अव्यये आणि वाक्यांना जोडणारे शब्द गळून पडतात. ऐकलेले मात्र बरेचसे कळते आणि आपले बोलणे बिघडले आहे याची जाणीव असल्याने रुग्ण निराश होतो. सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून किंवा रक्तस्राव होऊन येणारा पक्षाघात. डोक्याला मार, गाठ व संसर्ग ही इतर कारणे होत. शरीराच्या हालचाली नियंत्रित करणारा भाग ब्रोका क्षेत्राला लागून आहे आणि डाव्या मेंदूकडून निघणाऱ्या आज्ञा उजव्या अंगाकडे जातात. म्हणूनच लेबोर्न्यप्रमाणे अशा अनेक रुग्णांचा उजवा हात व पायही दुबळा होतो. अचानक बोलणे बोबडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, चेहरा वाकडा होणे ही लक्षणे दिसताच रुग्णाला तातडीने रुग्णालयात हलवणे आवश्यक असते. वाणी परत आणण्यासाठी वाक्उपचारांची मदत होते.

१८७४ साली जर्मन वैद्य कार्ल व्हेर्निके यांनी याच्या उलट प्रकार वर्णिला. त्यात रुग्ण ओघाने बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणे त्याला समजत नाही. ही इजा कानामागील बाजूस, शंखखंडाच्या मागील भागात असते. त्यामुळे भाषा एका ठिपक्यावर राहत नसून दूरवरच्या केंद्रांना जोडणाऱ्या तंतूंवरही अवलंबून असते, हे ध्यानात आले.

मेंदूविषयी ब्रोका यांचे आणखी एक काम उल्लेखनीय आहे. १८७८ साली त्यांनी सस्तन प्राण्यांच्या मेंदूत आतील बाजूस कडेसारख्या वेढणाऱ्या भागाचे वर्णन केले आणि त्याला ‘लिंबिक’ असे नाव दिले. भावना व स्मृती यांच्याशी संबंधित म्हणून आज ज्या लिंबिक संस्थेची चर्चा होते, तिच्या नावाचा उगम येथे आहे. १८६७ साली पेरूमधून आलेली एक प्राचीन कवटी त्यांनी तपासली. तिच्यावरील चौकोनी छेद माणूस जिवंत असताना केलेल्या शस्त्रक्रियेचा आहे, हे हाडाच्या कडा पाहून त्यांनी ओळखले.

कवट्या आणि तराजू

वाणीच्या बाबतीत आठ रुग्ण जमेपर्यंत थांबणारे ब्रोका कवट्यांच्या बाबतीत तसे थांबले नाहीत. त्यांनी मोजमापाची अनेक उपकरणे तयार केली, पद्धती काटेकोर केल्या आणि हजारो आकडे जमवले. आकडे सहसा अचूक असत. चूक होती ती त्यांच्या आधीच ठरलेल्या निष्कर्षात: गोऱ्या वंशाचे, पुरुषांचे आणि सुशिक्षितांचे मेंदू श्रेष्ठ असलेच पाहिजेत. पॅरिसच्या रुग्णालयांतील २९२ पुरुषांच्या मेंदूंचे सरासरी वजन १३२५ ग्रॅम आणि १४० स्त्रियांच्या मेंदूंचे ११४४ ग्रॅम भरले. स्त्रियांची उंची कमी असते आणि वयाचाही परिणाम होतो, हे त्यांना माहीत होते. तरीही फरकाचा काही भाग त्यांनी बुद्धीच्या खात्यावर टाकला. एखादे माप अपेक्षेप्रमाणे आले नाही तर ते माप निकष म्हणून सोडून देत आणि दुसरे घेत. सर्व मानवांचे मूळ एक नाही असे त्यांचे मत होते, मात्र त्यातून गुलामगिरीचे समर्थन होत नाही असेही ते मानत. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९८१ साली या आकड्यांची फेरतपासणी करून त्यातील पूर्वग्रह उघड केला.

या मोजमापांचे पडसाद भारतातही उमटले. नाकाची रुंदी आणि उंची यांचे गुणोत्तर, म्हणजे नासिका निर्देशांक, ब्रोका यांनी १८७२ साली प्रचारात आणला. त्यांचे शिष्य तोपिनार यांच्या पद्धती घेऊन ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ली यांनी बंगालमधील जातींची नाके मोजली आणि जातीची उतरंड वंशावर आधारलेली आहे असा सिद्धांत १८९१ साली मांडला. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी या आकड्यांची छाननी केली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात घुर्ये यांच्याच तक्त्यांचा आधार घेऊन उलट निष्कर्ष काढला: ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही. ज्या मोजपट्टीने भेद सिद्ध करायचा होता, तिनेच तो खोडला गेला.

अखेरचा काळ

१८८० च्या फेब्रुवारीत ब्रोका यांची फ्रान्सच्या सिनेटवर तहहयात सदस्य म्हणून निवड झाली. तेथे त्यांनी मुलींच्या माध्यमिक शिक्षणाच्या विधेयकाचा अहवाल सादर केला. स्त्रियांचा मेंदू हलका ठरवणाऱ्या माणसाने मुलींसाठी सरकारी शाळा मागाव्यात, ही विसंगती त्यांच्या चरित्रात तशीच राहते. विधेयक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाले, पण ते पाहण्यास ब्रोका नव्हते. ९ जुलै रोजी वयाच्या ५६व्या वर्षी त्यांचे अचानक निधन झाले. सहकाऱ्यांनी त्यांचाही मेंदू काढून तोलला. तो १४२४ ग्रॅम, म्हणजे सरासरीपेक्षा थोडासाच जड निघाला. तो पॅरिसच्या मानव संग्रहालयात जतन केला गेला. अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९७९ सालच्या आपल्या निबंधसंग्रहाला त्याच मेंदूवरून नाव दिले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत ब्रोका यांचे नाव आहे.

नंतरचे संशोधन

१९०६ साली प्येर मारी यांनी तिसऱ्या ललाटवळीचा वाणीशी काहीच संबंध नाही असे सांगून खळबळ उडवली. हा वाद बरीच वर्षे चालला. लेबोर्न्य आणि लेलाँ यांचे जतन केलेले मेंदू २००७ साली एमआरआय यंत्राखाली तपासण्यात आले. इजा पृष्ठभागावरील वळीपुरती नसून खोलवर, भाषेच्या केंद्रांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत पोहोचलेली आढळली. केवळ ब्रोका क्षेत्राला इजा झाल्यास वाणी काही काळ जाऊन पुष्कळशी परत येते. कायमचा वाचाघात व्हायला आतील भागही बाधित व्हावा लागतो, असे आज मानले जाते. जो मेंदू ब्रोका यांनी कापला नाही, त्यानेच त्यांच्या निष्कर्षात ही दुरुस्ती केली.

लेबोर्न्यविषयी मात्र आडनावापलीकडे दीडशे वर्षे काही ठाऊक नव्हते. त्याला निरक्षर, खालच्या थरातील माणूस म्हणून रंगवणारे लेखनही झाले. २०१३ साली पोलंडमधील अभ्यासक सेझारी डोमान्स्की यांनी जुन्या नोंदी धुंडाळून त्याची ओळख पटवली. त्याचे नाव लुई व्हिक्तोर लेबोर्न्य. जन्म १८०९ साली, मोरे-स्युर-ल्वँ गावी. वाणी जाण्यापूर्वी तो कारागीर होता आणि चर्मकारांना लागणारे लाकडी साचे, म्हणजे कलबूत, तयार करीत असे.